तेल लावल्यावरची झोप

मुलगी शिकायला जर्मनीला गेली आणि तिचा जर्मन कुत्रा इथे तमिळ मुलखात, वेलचेरीत, माझ्या गळ्यात पडला. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. वर मोठ्या अक्षरांत ‘पाठ’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. उडी मारू द्यायची नाही. जिने चढू-उतरू द्यायचे नाहीत. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी. वजन वाढू द्यायचं नाही. गळ्याला पट्टा नाही, छातीला बांधायचा. कान पुसायचे, नखं वेळेवर कापायची. “आई, तू एवढंच कर,” ती म्हणाली, “बाकीचं तो स्वतः बघतो.”

मी जन्माची भित्री. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत येणारी, आणि परत निघाल्यावर पुन्हा येणारी. नोकरीही मला स्वभावाला साजेशीच मिळाली. पेरुंगुडीच्या एका कंपनीसाठी मी यंत्रांच्या सूचनापुस्तिका लिहिते. झाकण उघडण्याआधी वीज बंद करा, ओल्या हातांनी बटण दाबू नका, असलं सगळं. बहुतेक दिवस घरूनच काम असतं. त्यामुळे तो कागद मी दहादा वाचला आणि त्यातला प्रत्येक शब्द पाळायचा असं ठरवून टाकलं.

कुत्रा होता डॅशहाउंड. काळा कुळकुळीत, भुवयांवर आणि छातीवर तांबूस ठिपके, कान लोंबते, छाती पुढे काढलेली. पाय इतके आखूड, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं हा बसलाच आहे. मुलीने मला सांगितलं होतं, की यांचे पूर्वज जर्मनीच्या रानात बिज्जू नावाच्या तिखट दातांच्या जनावराच्या बिळात शिरून त्याच्याशी झुंजायचे. बिळात मावावं म्हणून माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून त्यांचे पाय आखूड केले, माती उकरायला पुढचे पंजे रुंद केले, आणि वरच्या लोकांना कळावं कुत्रा कुठे आहे, म्हणून आवाज मोठा ठेवला. ते सगळं करताना पाठीचं मात्र कुणी बघितलं नाही. मणक्यांमधल्या गाद्या या जातीत लवकर कडक होतात आणि एखाद्या साध्या उडीनेही सरकतात. एवढ्या शूर प्राण्याला एवढी नाजूक पाठ, हे ऐकल्यापासून मी येता-जाता त्याची पाठच बघायला लागले.

त्याला स्वतःला कसलीच भीती नव्हती. पाण्याचा कॅन आणणारा माणूस त्याच्या दसपट, तरी हा दारात छाती काढून उभा. वेलचेरीच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर भुंकायचा, तेही मी उचलून धरलेलं असताना. हट्टी तर असा, की ‘ये’ म्हटलं की आधी माझ्याकडे नीट बघायचा, विचार करायचा, आणि मग दुसरीकडे जायचा. माझी चादर उकरून उकरून तिचं बीळ करायचा आणि त्यात शिरून झोपायचा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत असले की पांघरुणाखालून घोरण्याचा आवाज यायचा आणि सगळ्यांना वाटायचं माझा नवरा झोपलाय.

मी दिवाणाला लागून एक फळी तिरकी लावून घेतली, वर जाडसर कापड ठोकलं. वर चढायचं ते फळीवरून, उतरायचं तेही फळीवरून. खाली फरशीवर गाद्या अंथरल्या. नवरा म्हणाला, “घर आहे की कुस्तीचा आखाडा?” पण वर्षभर सगळं नीट चाललं. मुलगी रोज विचारायची, “पाठ कशी आहे?” आणि मी रोज सांगायची, “मस्त.”

ती नोव्हेंबरातली शनिवारची सकाळ. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि आमच्या पार्किंगमध्ये नेहमीप्रमाणे घोट्याच्या वर पाणी आलं होतं. पाणी आलं की सोसायटी लिफ्ट बंद करते. नवरा कामासाठी पुण्याला गेला होता. खाली पाणी उपसणारा पंप एकदम धडधडून सुरू झाला, आणि हा दिवाणावरून गाद्यांच्या पलीकडे सरळ फरशीवर उडी मारून खिडकीकडे धावला. फळी तिथेच होती. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

भुंकून झाल्यावर तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीला कमान आली होती. नाश्त्याला उठला नाही. थोडा थरथरत होता. मी उचलायला गेले, अगदी कागदात लिहिल्याप्रमाणे दोन हातांनी, तर तो कण्हला. मी जवळच्या दवाखान्यात फोन केला, कुणी उचलला नाही. त्यांच्या गल्लीतही पाणी असणार. पण तो चालत होता. पाण्याच्या वाटीपर्यंत गेला, थोडं प्यायला, परत आला. हे मी नीट बघितलं होतं, घड्याळात साडेबारा वाजले होते.

तेवढ्यात समोरच्या मामी आल्या. मामी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या, निवृत्त शिक्षिका, तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी मला सुरुवातीला पोथीतून बोलल्यासारखी वाटायची, ‘आहे’ला ‘अहा’, आणि मध्ये मध्ये तमिळ. इमारतीतल्या प्रत्येक बाळाला पहिले तीन महिने तेल लावायला त्यांनाच बोलवायचे. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ऐय्यो, पावम, बिचारा! पोटांत वायू धरला अहा त्याला. पाठ बघ कशी केली अहा.”

मला ते लगेच पटलं. का पटलं, तर माझ्या मुलीला लहानपणी पोटात वारा धरायचा तेव्हा ती अशीच अंग आखडून घ्यायची. तेव्हा माझी आई तिला तेल लावायची. पुढे मी शिकले. माझ्या हातांना ते अजून येत होतं, आणि काहीतरी करता येतंय म्हटल्यावर माझी भीती निम्मी झाली. भित्र्या माणसाला नुसतं बसवत नाही, तिथेच सगळा घोटाळा होतो.

मामींनी तिळाचं तेल कोमट केलं. मी पाटावर बसले, पाय लांब केले, गाऊन गुडघ्यापर्यंत ओढला आणि दोन पायांच्या मधल्या खोबणीत त्याला पालथा घातला. त्याची ती लांब पाठ तिथे बरोबर बसली. जणू त्याच्यासाठीच केलेली जागा. मी अंगठ्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तेल जिरवलं. दाब देऊन. मग बाळाची घालतात तशी घडी घातली, पुढचा उजवा पाय आणि मागचा डावा एकमेकांकडे, मग उलट. तो आधी वळवळला, गुरगुरला. मामी म्हणाल्या, “असंच करितात सगळीं लेकरं. सोडूं नको.” मी सोडलं नाही. मागचे पाय ताणले तेव्हा त्याने अंग एकदम ताठ केलं, एकदाच जोरात ओरडला, आणि मग सैल पडला.

“गेला वायू,” मामी म्हणाल्या.

त्यांनी घरून सांब्राणी, म्हणजे ऊद, आणला. नारळाच्या करवंटीचे निखारे, त्यावर सांब्राणीची पूड. इथे तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाला तिची धुरी देतात, आमच्याकडे ओव्याची देतात तशी. खोली त्या वासाने भरून गेली. पाटाशेजारी अंथरलेल्या कापडावर तो एका कुशीवर पडला होता, डोळे मिटलेले, श्वास संथ. थरथर थांबली होती. कमान गेली होती. मला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

“बाळ निजलं अहा,” मामी कुजबुजल्या. “निजूं दे.”

आम्ही दोघी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. मी दाराची घंटा बंद केली. पाण्याचा कॅनवाला आला तर हाका मारू नये म्हणून दारावर चिठ्ठी लावली. सव्वादोनला त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, ‘जरा पोट बिघडलं होतं. तेल लावलं. बघ कसा गाढ झोपलाय.’ तिने लाल हृदय पाठवलं.

दुपारभर तो झोपला. संध्याकाळीही झोपला. खाली नेता येत नव्हतं, बाल्कनीत कागद अंथरला होता, तिकडेही गेला नाही. मी म्हटलं, थकलाय. साडेनऊला भात नि चिकन तोंडाशी नेलं, ते त्याने पडल्या पडल्याच खाल्लं. जेवतोय म्हणजे बरा आहे. मी मुद्दाम त्याला हलवलं नाही. तेल लावलेल्या बाळाला उठवत नाहीत, हे मला माझ्या आईने शिकवलं होतं.

रविवारी सकाळी मी पडदा सरकवला आणि त्याने माझ्याकडे यायला सुरुवात केली. पुढच्या दोन पायांवर. मागचं अंग फरशीवरून ओढत. मागचे पाय दोन्ही एका बाजूला पडलेले, शेपटी ओल्या कापडासारखी मागून येत होती. त्याचा चेहरा मात्र नेहमीचा होता, नाश्ता कुठे आहे असा. मी त्याला ‘थांब, थांब’ म्हणत होते आणि तो आयुष्यात पहिल्यांदा माझं न ऐकता माझ्याकडेच येत होता.

मामींना हाक मारली. त्यांनी दारातून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग दोघींनी मिळून दिवाणाची तीच फळी उपटली, त्यावर त्याला आडवा ठेवला आणि माझ्या ओढणीने बांधला. जिना उतरलो, मी पुढे, मामी मागे. पार्किंगच्या पाण्यातून जाताना मला एकच दिसत होतं, माझा पाय घसरतोय आणि फळी पाण्यात पडतेय. मामींचं वय सत्तरच्या पुढे. त्यांनी त्यांचं टोक तसूभरही खाली येऊ दिलं नाही. शनिवारी ज्याला मी पाणी आहे म्हणून खाली नेलं नाही, त्याच पाण्यातून रविवारी आम्ही त्याला नेलं. हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं आणि मग अण्णा नगरपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

तिथे जनावरांचं मोठं इस्पितळ होतं, ऑपरेशन करणारं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने त्याचे मागचे पंजे उलटे करून टेबलावर टेकवले. ते तसेच उलटे राहिले. मग चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. काहीच नाही. तिने आणखी दाबलं. त्याने मान अर्धी वळवली आणि जीभ ओठांवरून फिरवली.

“थोडं कळतंय त्याला,” ती इंग्रजीत म्हणाली. “अजून कळतंय. शेवटचा स्वतःच्या पायांवर कधी चालला?”

साधा प्रश्न होता. उत्तर मला मिनिटासकट माहीत होतं. काल साडेबारा, पाण्याच्या वाटीपर्यंत. पण ते उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग आज दहा वाजेपर्यंत काय करत होतात? मी म्हटलं, “काल रात्री. साडेनऊला जेवायला चालत आला.”

मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फळीवरच्या तेलकट डागाकडे बघत राहिल्या.

डॉक्टरने लिहून घेतलं. “मग बरं आहे. अशा वेळी पहिला दिवस मोलाचा असतो. बारा तासच झालेत. आमचे सर्जन संध्याकाळी येतात, तोपर्यंत औषध देऊ, स्कॅन करून ठेवू.” तिचा आवाज थोडा सैल झाला होता. मी खोटं बोलून तिला धीर दिला होता.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. ती बारा तास धरून चालली होती आणि खरे होत आले होते बावीस. माझी लाज झाकायला मी त्याचे दहा तास चोरले होते. संध्याकाळपर्यंत ते बोट दाबल्यावर त्याने मान वळवली नाही तर? उठावं असं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते. त्याचे गेले तसे माझेही गेले की काय, असा वेडगळ विचारही मनात आला.

मामी म्हणाल्या, “मीच बोलिलें, सोडूं नको म्हणून. माझं नांव सांग.”

त्या वाक्याने मी उठले. मामींच्या नावावर मी हे ढकलू शकले असते, आणि त्यांनी ते ढकलूही दिलं असतं, हे मला दिसलं आणि स्वतःची किळस आली. आत जाऊन मी मोबाईल डॉक्टरच्या समोर धरला. शनिवारचा फोटो. सव्वादोन. तेलाने चमकणारी पाठ, मिटलेले डोळे. मी म्हटलं, “रात्रीचं खोटं होतं. काल दुपारी मी त्याला तेल लावून चोळलं. पाय ताणले. त्यानंतर तो उठलाच नाही. मला वाटलं झोपलाय.”

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मीही तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितला. पुढचे पाय दुमडून पोटाशी घेतलेले, झोपेत घेतात तसे. मागचे दोन्ही सरळ, टाकून दिलेले, एक पंजा उलटा. कुणीही बघितलं असतं तरी कळलं असतं. मी तो फोटो स्वतः काढला होता, मुलीने त्यावर हृदय टाकलं होतं.

“इथेच गेलेत पाय,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सरळ फोन उचलला आणि सर्जनला तमिळमध्ये भराभर सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं, की संध्याकाळ नाही, आत्ता.

आत ऑपरेशन चाललं होतं तोवर मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. माझ्या मनात आलं, आता ही मला कधीच काही सोपवणार नाही. मग ती रडत म्हणाली, “मी लिहायला पाहिजे होतं ना कागदावर. चोळायचं नाही असं लिहिलंच नाही मी.” मी तिला सांगू शकले नाही, की लोक न लिहिलेल्या गोष्टीच करतात, हे तिला नाही, मला ठाऊक असायला हवं होतं. तोच माझा धंदा आहे.

तेलाने झालं की उडीने, हे मी नंतर डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, गादी उडीने सरकली असणार, चोळल्याने किती भर पडली ते सांगता येणार नाही, कदाचित काहीच नाही. ते ‘कदाचित’ मी आजही बाळगून आहे. कधी ते मला बरं वाटायला लावतं, कधी झोपू देत नाही.

ऑपरेशननंतरचे सहा आठवडे तो हॉलमध्ये एका लहान कुंपणात होता. उठायचं नाही, भुंकताना उसळायचं नाही. दिवसातून चार वेळा त्याचं पोट दाबून मी लघवी काढायची. कुठे किती दाबायचं ते डॉक्टरने माझा हात धरून शिकवलं होतं, तरी दाबण्याआधी मी ती जागा दोन-दोनदा चाचपून बघायचे. नवरा करतो म्हणायचा, पण मी करू दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा पाण्याचा कॅनवाला आला, याने कुंपणातून गुरगुर केली आणि शेपटीचं टोक जमिनीवरून एवढंसं उचललं गेलं. मी कॅनवाल्याच्या देखत रडले. तो बिचारा कॅन ठेवून पैसे न घेताच निघाला होता.

आता तो चालतो. मागचं अंग झुलतं, वळताना कधी बसतो, पुन्हा उठतो. हट्ट तसूभरही कमी झाला नाही.

मामी रोज येतात, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसतात, हात लावत नाहीत. मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर बाळ झालं. तेल लावायला बोलवायला त्या घरचे आले तेव्हा मी तिथेच होते. मामी म्हणाल्या, “माझे हात दुखूलागले अहेत. दुसरं कोणी बघा.” त्यांचे हात दुखत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.

फ्रिजवरच्या कागदाच्या तळाशी मुलीने लिहिलं नव्हतं ते मी लिहून टाकलंय. चोळायचं नाही. त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे. झोपला असेल तर उठवून बघायचं.

म्हणून आजही दुपारी घर शांत झालं आणि त्याचं घोरणं थांबलं, की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे जाते. चादरीच्या बिळात हात घालून मागचं बोट हलकेच दाबते आणि वाट बघते. तो पाय ओढून घेतो, एक डोळा उघडून माझ्यावर वैतागतो आणि परत झोपतो. वैतागू दे. मी तासाभराने पुन्हा जाते.